राजवाडा आत, चहा बाहेर

चंद्रपूरच्या गोंडराजांचा राजवाडा पाहायचा तर दोनच रस्ते आहेत. एक तर गुन्हा करायचा, नाहीतर २१ ऑक्टोबरची वाट बघायची. राजवाड्याच्या जागेत आज जिल्हा कारागृह आहे. १८५८ साली २१ ऑक्टोबरला याच आवारातल्या पिंपळाखाली इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांना फासावर चढवलं. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. दरवर्षी त्या दिवशी मानवंदनेसाठी लोकांना आत जाता येतं. एरवी वर्षभर इतिहास भिंतीच्या आत आणि आपण बाहेर. बाहेर फळांच्या गाड्या आहेत, पानठेले आहेत, चहा आहे.

हा बाहेरचा चहाच या लेखाचा विषय. अलीकडे जुन्या शहरांत फिरणाऱ्यांना नवा नाद लागला आहे. म्युझियम बघायचं ते बघायचंच, पण तिथल्या कॅफेत बसायला म्हणून मुद्दाम जायचं. जुनी इमारत, उंच छत, खिडकीतून दिसणारी बाग, आणि समोर कॉफी. आमच्यातली काही मंडळी यावर नाक मुरडतात. मूर्ती बघायला गेलात की केक खायला, असं विचारतात. मला त्यांचं पटत नाही. पाय बोलायला लागले की इतिहास ऐकू येत नाही, हा अनुभव कुणाला नाही? तीन दालनं झाली की चौथ्यातला माणूस फक्त बाक शोधत असतो. बसायला मिळालं, पोटात काही गेलं, की तोच माणूस उठून पाचवं दालन बघतो, आणि बसल्या जागी सोबतच्याशी बोलतो ते वेगळंच.

आणि हे काही आजचं खूळ नाही. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये १८५७ साली जे म्युझियम उघडलं, आज ज्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणतात, त्याने खाण्यापिण्याची सोय आवारातच केली. जगातलं असं हे पहिलं म्युझियम. हेन्री कोल हा त्याचा पहिला संचालक. कामगारांना दिवसा सवड नसते म्हणून त्याने गॅसचे दिवे लावून संध्याकाळीही दालनं उघडी ठेवली. त्याला वाटायचं, दारूच्या गुत्त्याकडे वळणारी पावलं बायकापोरांसकट इकडे वळतील. पुढे उपाहारगृहाच्या तीन देखण्या खोल्या झाल्या, त्यांतली हिरवी खोली विल्यम मॉरिसच्या हाताखालून सजली. १९८८ साली तर याच म्युझियमने जाहिरात केली, तिचा आशय असा, की आमचं कॅफे फक्कड आहे आणि त्याला एक बऱ्यापैकी म्युझियमही जोडलेलं आहे. लोक चिडले, तरी ती जाहिरात अजून निघते बोलण्यात.

आपल्याकडे मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतलं ‘समोवार’ होतं. १९६४ साली उषा खन्ना यांनी सुरू केलेलं, आगगाडीच्या डब्यासारखं लांबट, अरुंद. चित्रकार, नाटकवाले, पत्रकार, आणि खिशात बेताचे पैसे असलेले विद्यार्थी एका चहावर तिथे दुपार काढायचे. २०१५ च्या मार्चअखेर ते बंद झालं, तेव्हा मुंबईने एखादं दालन बंद झाल्यासारखा शोक केला. तो खराच होता. कितीतरी लोकांना चित्रं बघायची सवय त्या चहामुळे लागली होती.

आता या दोन जिल्ह्यांकडे येऊ. चंद्रपूर आणि गडचिरोली. इथे म्युझियम-कॅफे शोधायला निघालेला माणूस वेडाच म्हणायचा. कारण इथे म्युझियमच उघड्यावर पसरलेलं आहे. गोंडांचा परकोट शहरभर, बौद्ध लेणी भद्रावतीच्या टेकडीत, मंदिरं वैनगंगेच्या काठावर, डायनासोरची हाडं सिरोंच्याच्या खडकांत. छप्पर नाही, तिकीटघर क्वचित, आणि माहितीचा फलक असला तर त्यावर पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीवरचा दंडाचा मजकूर. मग खाण्यापिण्याचं काय? ती सोय इथे आहेच. फक्त ती एका छताखाली नाही, आणि तिला कुणी कॅफे म्हणत नाही.

बाहेरून येणाऱ्या बहुतेकांसाठी चंद्रपूर म्हणजे ताडोब्याचं स्टेशन. २०१८ साली रेल्वेच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर या दोन स्थानकांना पहिलं बक्षीस मिळालं. भिंतींवर वाघ, हरणं, जंगल. माणूस उतरतो, भिंतीवरच्या वाघासोबत फोटो काढतो, गाडीत बसतो आणि मोहर्लीच्या गेटकडे निघून जातो. वाटेत जटपुरा गेटमधून गाडी गेलीच, तर ट्रॅफिकला शिव्या घालतो. ज्या कमानीखाली आपण अडकलो आहोत तिच्यावर हत्तीला लोळवणारा सिंह कोरलेला आहे आणि ती गोंडराजांची खूण आहे, हे बघायला मान वर करावी लागते. हॉर्नच्या गजरात कोण मान वर करतो?

कथा अशी सांगतात की खांडक्या बल्लाळशाह या राजाच्या अंगावर फोड होते. झरपट नदीच्या काठी शिकारीला आला असता त्याने एका खड्ड्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि फोड बरे झाले. तिथे अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढे एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ससा कुत्र्यामागे! राणी म्हणाली, ही भूमी शूरांची आहे, इथेच शहर वसवा. ससा धावला त्या वाटेने भिंतीची आखणी झाली. कथा खरी-खोटी काहीही असो, भिंत खरी आहे. सुमारे ११ किलोमीटरचा परकोट, चार दरवाजे आणि पाच खिडक्या. दरवाजे जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. खिडक्यांची नावं मात्र चाखत म्हणावीत अशी: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण.

या भिंतीवर वर्षानुवर्षं झुडपं आणि कचरा साचला होता. २०१७ च्या मार्चपासून बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेतल्या पोरांनी ती साफ करायला घेतली. रोज सकाळी कुदळ, फावडं, घमेलं. बुरूज उघडे पडत गेले. त्याच वर्षी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या कामाचा उल्लेख केला आणि गावकऱ्यांनाच आपली भिंत नव्याने दिसली. सकाळच्या वेळी यातल्या मोकळ्या भागावरून चालत जाणं ही चंद्रपुरातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे असं माझं मत आहे. उन्हाळ्यात नव्हे. उन्हाळ्यात चंद्रपूर देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतं आणि भिंतीचा दगड तेव्हा तव्याची बरोबरी करतो. दिवाळी ते होळी हा तिचा हंगाम.

भिंतीवरून उतरलं की भूक लागते, आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. गेटजवळच्या कुठल्याही ठेल्यावर सकाळी तर्री-पोहे मिळतात. पोह्यांचा ढीग पितळी परातीत, वर झाकण, आतून वाफ. प्लेट भरली की बाजूच्या पातेल्यातला चण्याचा लालभडक रस्सा पळीने वर सोडायचा, त्यावर कांदा, लिंबू, शेव. “तर्री जास्त की कमी जी?” हा प्रश्न विचारल्याशिवाय पळी बुडत नाही. मी नेहमी जास्त म्हणतो. शेजारच्या बाकावर एखादा रिटायर्ड माणूस असतोच. बाहेरचा माणूस दिसला की तो पेपर खाली ठेवतो. “कुठून आले जी? काय पाह्यलं?” आणि मग आपण काय पाहिलं नाही याची यादी ऐकायला मिळते. गोंडराजा बिरशाहची समाधी पाहिली का, राणी हिराईनं बांधली ना. हिराईच्या राज्यात महाकालीचं देऊळ उभं राहिलं, माहीत आहे का. लालपेठचा रावण पाहिला का? हा रावण म्हणजे खरं तर दशमुखी दुर्गा आहे. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याने मोठ्या देवळासाठी घडवून घेतलेल्या अजस्र मूर्ती, देऊळ झालंच नाही आणि मूर्ती जमिनीवर आडव्या राहिल्या. दहा तोंडं बघून लोकांनी तिला रावण करून टाकलं. कुठल्या म्युझियमचा ऑडिओ-गाइड इतकं सांगतो, आणि वर चहाचे पैसेही देऊ देत नाही?

तक्रारही आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. शेजारचा पानठेला. तिथे खर्रा घोटला जातो. पन्नीत सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, आणि तो पोरगा हाताने ती पन्नी घासत राहतो, चर्र चर्र चर्र, मिश्रण एकजीव होईपर्यंत. या दोन्ही जिल्ह्यांत खर्रा बायाबापड्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत पोचला आहे, आणि पाचशे वर्षांच्या दगडावर उडालेली लाल पिचकारी हा त्याचा शेवट. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. त्यावर सभा झाल्या, मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या. कोलसाहेबाने दारूवर चहाचा उतारा शोधला होता. आपण बंदीवर भांडलो, पण संध्याकाळी बायकापोरांसह बसता येईल अशी चार टेबलं किल्ल्याजवळ मांडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ठेला हा पुरुषांचा, हे उघड आहे. किल्ला बघून दमलेली बाई तिथे बाकावर बसत नाही. ती रिक्षा करून घरी जाते.

म्हणून तर मला महाकालीची यात्रा इतकी आवडते. चैत्रात नांदेडकडून, मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक येतात. झरपटीत अंघोळ, पोतराजांचे आसूड, हलगी, आणि देवळाच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेवर शेकडो चुली. तीन दगड, काटक्या, पिठलं, भाकरी. बायका मांडी ठोकून बसलेल्या, पोरं ताटलीत रमलेली, म्हातारी कोपऱ्यात झोपलेली. चारशे-पाचशे किलोमीटरवरून आलेलं कुटुंब एका ऐतिहासिक वास्तूच्या सावलीत निवांत जेवतं. कॅफे कॅफे म्हणतात ते दुसरं काय असतं?

भद्रावतीत ही सोय जैनांनी केली आहे. चंद्रपूरहून नागपूरच्या रस्त्याला, भांदक या जुन्या नावाने ओळखलं जाणारं हे गाव. विजासनच्या टेकडीत एक लांबलचक बोगद्यासारखं लेणं आहे. सरळ आत चालत गेलं की टोकाला अंधारात बुद्ध बसलेला, आणि वाटेत डावी-उजवीकडे आणखी दोन फाटे, त्यांच्याही टोकाला बुद्ध. अलेक्झांडर कनिंगहॅमने याची नोंद केली आहे. लेण्यातून बाहेर आल्यावर डोळ्यांना उजेड सोसायला वेळ लागतो. पार्श्वनाथाच्या देवळाच्या भोजनशाळेत गेलं की साधं वरण, भात, भाजी, पोळी. कांदा-लसूण नाही, आणि सूर्यास्तानंतर नाही. वेळ चुकली तर उपाशी, हे आधी सांगून ठेवतो.

वरोऱ्याला आनंदवन आहे. बाबा आमट्यांनी १९४९ साली उभं केलेलं. तिथे माणसं काही ‘बघायला’ जातात आणि मला तो शब्द नेहमी टोचतो, कारण तिथे राहणारी माणसं प्रदर्शनात ठेवलेली नाहीत. पण तिथे पंगतीत बसलं की हा प्रश्न मिटतो. कुष्ठरोग्याच्या हातचं पाणी समाज पीत नव्हता, त्या जागी आज लोक ताट घेऊन रांगेत उभे राहतात. ज्यांना ही गोष्ट पुस्तकात वाचून कळली असेल त्यांनी ती एकदा ताटासमोर बसून पाहावी. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी वाटेत सेवाग्रामलाही उतरावं. आश्रमालगत नैसर्गिक आहार केंद्र आहे. बापूकुटीतल्या मातीच्या भिंती पाहून यायचं आणि ज्वारीची भाकरी, पिठलं, पालेभाजी खायची. जागा आणि जेवण एकाच विचाराने चालतात, असं ठिकाण विदर्भात मी हेच दाखवीन.

आता समजा, चंद्रपुरात उद्या कुणी म्युझियम-कॅफे काढलंच. मला भीती कसली वाटते ते सांगतो. ताडोब्याच्या गेटांबाहेर जी रिसॉर्टं आहेत त्यांच्या बुफेवर एक नजर टाकावी. पनीर बटर मसाला, हाका नूडल्स, व्हाइट सॉस पास्ता. वाघ चंद्रपूरचा, ताट मात्र कुठल्याही गावचं. कॅफेचंही तेच होईल. कॉफीच्या पेल्यावर वाघाचं चित्र काढतील आणि म्हणतील, झालं स्थानिक.

खरं तर या दोन जिल्ह्यांत वर्षाचा प्रत्येक महिना खाण्याचा काहीतरी घेऊन येतो. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. सात्या, म्हणजे वारुळांवर उगवणारी रानटी अळिंबी. तरोट्याची भाजी, कुड्याच्या फुलांची भाजी. हिवाळ्यात अंबाडी, लाखोळीच्या डाळीचे वडे. फाल्गुन-चैत्रात मोहफुलं टपटपतात आणि पहाटे टोपल्या घेऊन बाया झाडाखाली जातात. पुढे टेंभरं, चारं. चारोळी आपण श्रीखंडावर पसरतो ती इथली जंगलातली, पण ज्याने दगडावर फोडून बी काढली त्याला श्रीखंडाची चव माहीत नसते. भामरागड-एटापल्लीकडे माडिया लोक गोरगा नावाच्या झाडाचा रस काढतात. ताजा असला तर गोड, उन्हं चढली की चढतो. तो तिकडच्या कॅफेत ठेवता येणार नाही, गडचिरोलीत दारूबंदी आहे. मोहफुलांचे लाडू मात्र ठेवता येतील. महिला बचत गट ते करतात. तीळ, गूळ आणि भाजलेली मोहफुलं, हाताला किंचित चिकट, वासाला मनुकांसारखे पण जरा धुरकट. मोह म्हटलं की आपल्याला फक्त दारू आठवते. हे लाडू खाल्ले की ती आठवण मागे पडते.

पण हे जेवण ताटात आलं तर पैसे कुणाच्या हातात जातील, हाही प्रश्न आहे. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाने त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलं आहे. २००९ साली वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या पहिल्या काही गावांत हे नाव होतं. देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने गावाची ग्रामसभा सगळे निर्णय एकमताने घेते. बांबू विकायचा असेल तर ग्रामसभा विकते, वाहतुकीचा पासही तिचाच, आणि तो २०११ साली केंद्रीय मंत्र्याच्या हस्ते मिळाला. तेव्हा कॅफेवाल्याने मोह आणि वास्ते घ्यायचे तर थेट ग्रामसभेकडून घ्यावेत आणि भावही तिथेच ठरवावा. नाहीतर नागपूरच्या दलालाकडून घेऊन ‘आदिवासी थाळी’ म्हणून विकण्यात गंमत काहीच नाही, लबाडी तेवढी आहे.

चंद्रपुरातला एक खवय्या मित्र मात्र मला वेड्यात काढतो. तो म्हणतो, “तू सात्याची भाजी कॅफेत ठेवली तर सात्या पुढच्या साली शिल्लक राहतील का?” हा मुद्दा मला टाळता येत नाही. जंगलातलं अन्न शहरातल्या हॉटेलांच्या यादीत गेलं की ते संपायला वेळ लागत नाही. तेव्हा यादी हंगामाप्रमाणे बदलावी, आणि एखाद्या दिवशी काही नसेल तर फक्त चहा-पोहे द्यावेत.

गडचिरोलीत खाली उतरलं की अंतरं वाढतात. हा जिल्हा १९८२ साली २६ ऑगस्टला चंद्रपुरातून वेगळा झाला. चामोर्शीजवळचं मार्कंडा हे त्यातलं पहिलं ठिकाण. तिथे वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहते आणि काठावर मंदिरांचा समूह आहे. दगडातल्या अप्सरा, वादक, प्राणी बघून लोक विदर्भाचं खजुराहो म्हणतात. कोणत्याही गोष्टीला दुसऱ्या प्रांताचं नाव दिल्याशिवाय आपलं समाधान होत नाही, त्यातलाच हा प्रकार. मुख्य देवळाचं काम पुरातत्त्व खात्याने हाती घेतलं आणि ते वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्यामुळे मूर्तींच्या पुढे खांब आणि फळ्या आल्या. महाशिवरात्रीला इथे जत्रा असते तेव्हा हॉटेलांची रांग लागते. इतर दिवशी हाती डबा असावा. नदीच्या घाटावर बसून खाता येतं, आणि त्यासारखी जागा मला तरी कुठल्या कॅफेत मिळालेली नाही.

त्याहून खाली, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे, सिरोंचा. या तालुक्यातल्या कोटा गावावरून खडकांच्या थराला कोटा असं नाव पडलं. ज्युरासिक काळातले हे खडक. या परिसरात सापडलेल्या हाडांवरून कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधल्या अभ्यासकांनी एका प्रचंड शाकाहारी डायनासोरचं वर्णन केलं आणि १९७५ साली त्याला ‘बारापासॉरस टागोरी’ असं नाव दिलं. रवींद्रनाथांची जन्मशताब्दी १९६१ सालची, हाडं त्याच सुमाराला निघाली, म्हणून टागोर. सांगाडा कलकत्त्यात उभा आहे. वडधमला आता जीवाश्म उद्यान आहे, त्यात वृक्षांचे दगड झालेले ओंडके पडले आहेत. सिरोंच्यात सकाळी इडली-वडा मिळतो, बाजारात तेलुगू ऐकू येतं, आणि नदी ओलांडली की तेलंगण. इडली खाता खाता डायनासोरविषयी कुणाला विचारलं तर वडधमचा रस्ता सांगतात आणि म्हणतात, दुपारच्या आत जा.

उत्तरेला अलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ अलापल्ली’ नावाचा सागवानाचा जुना पट्टा आहे. २०१४ साली तो महाराष्ट्राचं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ झाला. त्याविषयी मी फार लिहीत नाही, कारण तिथे खायला काही नाही.

दिवाळी अंक हातात असताना हे वाचणाऱ्यांनी एकच बेत आखावा. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. दिवसा दंडार नावाचं लोकनाट्य, रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या नाटक कंपन्यांचं ठाणं, आणि गोंदिया-बल्लारशाह मार्गावरची गाडी तिथे थांबते. सकाळी चंद्रपूरच्या भिंतीवर चालावं, दुपारी गाडी धरावी, आणि संध्याकाळी वडशाच्या आसपासच्या कुठल्याही मंडईत उतरावं. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. मंडपाच्या बाहेर भज्यांचे, आलुबोंड्याचे, जिलबीचे ठेले अंधार पडल्यापासून पेटलेले असतात, आणि मध्यंतरात सगळं गाव तिथे येतं, बायाही, पोरंही, म्हाताऱ्याही. नाटकाचं तिकीट लवकर काढा, चांगल्या कंपनीचं संपतं. जेवणाची चिंता करू नका.